चारचा विसावा घात आणि बदनापूरची तूर

35 मीटर लांब, 7 मीटर रुंद. म्हणजे 245 चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठेही भरत नाहीत. बदनापूरकडे एवढ्या तुकड्याला कुणी शेत म्हणणार नाही. पण ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या ब्रनो शहरात, सेंट थॉमस मठाच्या आवारात, ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूनं 1856 ते 1863 अशी आठ वर्षं एवढ्याच जागेत वाटाणा लावला. जागा पुरेना म्हणून काही झाडं कुंड्यांत, काही काचघरात. आठ वर्षांत मिळून सुमारे 28,000 झाडं.

हा आकडा जरा आपल्या रानात आणू. तुरीची दोन ओळींत 90 सेंटिमीटर आणि दोन झाडांत 20 सेंटिमीटर अशी लागवड धरली, तर एका झाडाला 0.18 चौरस मीटर जागा मिळते आणि हेक्टरी 55,555 झाडं बसतात. या अंतरानं मेंडेलची सगळी 28,000 झाडं 50 गुंठ्यांत मावतात. सव्वा एकर. ज्या कामावर आजचं अख्खं आनुवंशशास्त्र उभं आहे ते आठ वर्षांचं काम आपल्याकडच्या सव्वा एकर तुरीएवढं. झाडं मोजायला बसलो तर एवढंच. झाडांवर त्यानं जे गणित मांडलं ते मात्र सव्वा एकरात मावत नाही, महाराष्ट्रातही मावत नाही. ते पाहायचं तर जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बदनापूर ही नेमकी जागा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथं आहे. बीडीएन 708, बीडीएन 711, बीडीएन 716, बीएसएमआर 736, बीएसएमआर 853 ही तुरीच्या वाणांची नावं मराठवाड्यात घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. ते सगळे वाण इथले. ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूरच.

आधी माणूस. मेंडेलचा जन्म जुलै 1822 चा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यातला. बाप शेतकरी, आणि आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीला. पोराला शिकायचं होतं आणि घरात पैसा नव्हता, म्हणून 1843 मध्ये तो मठात गेला. 1850 मध्ये शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला. मठानं त्याला 1851 ते 1853 अशी दोन वर्षं व्हिएन्ना विद्यापीठात धाडलं. तिथं वनस्पतिशास्त्र शिकवायला फ्रान्झ उंगर होते, भौतिकशास्त्र शिकवायला ख्रिस्तियान डॉप्लर. ज्याच्या नावाचा ‘डॉप्लर परिणाम’ आपण शाळेत पाठ करतो तोच हा डॉप्लर. आंद्रेयास फोन एटिंग्सहाउझेन यांच्याकडून मेंडेल संयोजनांचं गणित शिकला. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. झाडांवर जीव असलेले लोक तेव्हा युरोपात पुष्कळ होते. झाडांकडे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासारखं बघणारा हा एकटाच निघाला.

बियाणेवाल्यांकडून त्यानं वाटाण्याचे 34 प्रकार आणले. दोन वर्षं नुसते लावून बघितले की पेरलं तसंच उगवतं का. त्यातले 22 पुढच्या कामाला ठेवले. अजून एकही संकर केलेला नव्हता आणि दोन वर्षं गेली होती! वाटाणाच का? कारण वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्याच परागानं फळतं. मधमाशीला फारसा वाव नाही. त्यानं 10,000 पेक्षा जास्त झाडं बारकाईनं तपासली, त्यांत बाहेरचा पराग शिरल्याची उदाहरणं अगदी मोजकी सापडली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तुरीचा घोळ इथूनच सुरू होतो.

आता मोजणी. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा एकत्र केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्या पिढीची 253 झाडं लावली, त्यांना 7,324 दाणे आले : 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले. पिवळा-हिरवा दाणा घेतला तेव्हा 258 झाडांवर 8,023 दाणे : 6,022 पिवळे, 2,001 हिरवे. फुलाचा रंग, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुलांची जागा, झाडाची उंची अशी सात लक्षणं त्यानं घेतली. सातांची बेरीज केली तर 19,959 नोंदी होतात. त्यात प्रभावी लक्षणाच्या 14,949 आणि अप्रभावी लक्षणाच्या 5,010. भागाकार 2.98. तीनास एक.

हे तीनास एक शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्याच निबंधातले दोन विचित्र आकडे. एका झाडावर 43 गोल दाणे आणि सुरकुतलेले फक्त 2. दुसऱ्या एका झाडावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. एखाद्यानं पहिलं झाड मोजून थांबायचं ठरवलं असतं तर म्हणाला असता, सुरकुती जवळजवळ नाहीशी होते. दुसरं मोजून थांबला असता तर म्हणाला असता, निम्मं-निम्मं. एका झाडावर खरं काय ते कळत नाही, शेकड्यांवर कळतं. मेंडेलनं हे नुसतं ओळखलं नाही, बेताल वागलेली झाडं नावानिशी छापली.

तरीही संशय घेणारा भेटलाच. 1936 मध्ये रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं मेंडेलचे सगळे आकडे तपासून सांगितलं की निकाल अपेक्षेशी इतके नेमके जुळायची शक्यता लाखात 7. त्याचा दुसरा आक्षेप आणखी खमंग आहे. प्रभावी लक्षण दाखवणारं झाड शुद्ध आहे की मिश्र, हे ठरवायला मेंडेल त्याचे 10 दाणे पेरून बघायचा. पण मिश्र झाडाचेही दहाच्या दहा दाणे प्रभावी निघायची शक्यता आहे : पाऊणचा दहावा घात, म्हणजे 5.6 टक्के. तेवढी मिश्र झाडं शुद्धांत मोजली जायला हवी होती, आणि आकड्यांत ती चूक दिसत नाही. फिशरनं बोट दाखवलं ते मेंडेलकडे नव्हे, तर काय निकाल हवाय हे माहीत असलेल्या एखाद्या मदतनिसाकडे. वाद अजून मिटलेला नाही. निष्कर्षाला मात्र कुणी धक्का लावू शकलं नाही.

खरी चक्कर येते ती पुढे. एका लक्षणाची जोडी घेतली तर आतून तीन प्रकार होतात : शुद्ध, मिश्र, शुद्ध. दोन जोड्यांचे नऊ, तीन जोड्यांचे सत्तावीस. मेंडेलनं सूत्रच लिहून ठेवलं : जोड्या जेवढ्या, तेवढ्या वेळा 3 चा गुणाकार. सात जोड्यांचे 2,187. आणि हे सगळे प्रकार प्रत्येकी निदान एकदा हिशेबानं मिळायचे तर दुसऱ्या पिढीत झाडं हवीत 4 चा सातवा घात, म्हणजे 16,384. शुद्ध, कायम राहणारे प्रकार 2 चा सातवा घात, 128. ते सगळे 128 आपण वारंवार संकर करून प्रत्यक्ष मिळवले, असं त्यानं नोंदवलं आहे.

तुरीकडे या. समजा एका वाणात चांगल्या दाण्याचे गुण आहेत आणि दुसऱ्यात रोगाला दाद न देण्याचे, आणि दोघांत 10 जनुकांचा फरक आहे. दहाही जागी हवं तेच, आणि शुद्ध, असं झाड दुसऱ्या पिढीत 4 च्या दहाव्या घातात एक मिळणार. म्हणजे 10,48,576 झाडांत एक. हेक्टरी 55,555 नं 19 हेक्टर, जवळपास 47 एकर तूर लावा आणि त्यातलं एक झाड शोधा. जड आहे, पण होण्यासारखं आहे.

फरक 20 जनुकांचा धरा. 4 चा विसावा घात होतो 1,09,951 कोटींच्या वर. तेवढी झाडं लावायला जमीन हवी 1 कोटी 98 लाख हेक्टर. अख्खा महाराष्ट्र, डोंगर, धरणं, मुंबई धरून, 3 कोटी 8 लाख हेक्टर आहे. म्हणजे राज्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तुरीखाली, आणि त्यात मनासारखं झाड एक. जनुकं 21 करा, अडीच महाराष्ट्र लागतात. (तुरीला गुणसूत्रांच्या 11 च जोड्या आहेत, त्यामुळे 20 जनुकं एकमेकांपासून पूर्ण सुटी वागणार नाहीत आणि प्रत्यक्ष आकडा हलेल. पण त्यानं एकराचं गुंठ्यावर येत नाही.)

मग वाण निघतात कसे? उत्तरही मेंडेलच्याच निबंधात आहे. झाड स्वतःच्याच परागानं फळत राहिलं तर मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो. त्यानं दहाव्या पिढीचा हिशेब दिला आहे : 2,048 झाडांत 1,023 एका बाजूची शुद्ध, 1,023 दुसऱ्या बाजूची शुद्ध, मिश्र फक्त 2. आता 20 जनुकांचं गणित पुन्हा करा. दुसऱ्या पिढीत घाई केली तर शक्यता 4 च्या विसाव्या घातात एक. धीर धरून आठ-दहा पिढ्या नेल्या तर ती 2 च्या विसाव्या घातात एक होते, म्हणजे पुन्हा तेच 10,48,576. दोन तृतीयांश महाराष्ट्राचे 47 एकर झाले, आणि मोबदल्यात गेली वर्षं. नवा वाण यायला दहा-बारा वर्षं का लागतात, असं विचारणाऱ्यांना हे सरळ उत्तर आहे. पैदासकार वर्षं मोजून जमीन विकत घेतो.

त्यातही तो आंधळेपणानं वाट बघत नाही. मधेच चाळण्या लावतो. तुरीचा मोठा शत्रू वांझ रोग. झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढतं, पण फुलं-शेंगा नाहीत. हा विषाणू पसरवणारा कोळी जेमतेम 0.2 मिलिमीटरचा, म्हणजे पाच कोळी एकामागं एक लावले तेव्हा मिलिमीटर भरतो. बीएसएमआर नावातली अक्षरं सांगतात ती हीच : बदनापूरचा, वांझ रोगाला प्रतिकार करणारा. रोगाची परीक्षा घेण्याची पद्धत मजेशीर आहे. रोगट झाडाचं, कोळ्यांनी भरलेलं पान रोपाच्या पानाला चक्क स्टेपलरनं टाचतात. प्रतिकार एका अप्रभावी जनुकावर असेल तर चार रोपांतलं एक तगतं, तीन जातात. मर रोगासाठी मुद्दाम रोगट ठेवलेल्या जमिनीत पेरून हीच चाळणी. अशी प्रत्येक चाळणी पुढची जमीन चौपट कमी करते. दोन चाळण्या म्हणजे सोळापट.

पण मेंडेलला नसलेली अडचण बदनापूरला आहे. वाटाण्याचं फूल स्वतःपुरतं असतं, तुरीचं नसतं. मोठ्या मधमाश्या तुरीची पाकळी उघडून आत शिरतात आणि शेजारच्या रानातला पराग आणून टाकतात. वाण, जागा, हंगाम बघून हे प्रमाण बदलतं, पण सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणून निवडलेल्या झाडांवर जाळी नाहीतर पिशवी. बियाणे प्रमाणीकरणात प्रमाणित वाटाण्याला दुसऱ्या वाणापासून 5 मीटर अंतर पुरतं, प्रमाणित तुरीला 100 मीटर लागतं. त्यात तुरीच्या झाडाची उधळपट्टी. आलेल्या फुलांतली 90 टक्क्यांपर्यंत गळून जातात. चिमट्यानं कळी उघडून, पुंकेसर काढून, हातानं पराग लावलेल्या कळ्यांनाही हाच न्याय. शेंग धरली तर आत दाणे तीन-चार.

आणि वर्षाला पीक एक. बीडीएन 711 हा लवकर येणारा वाण, तरी 150 ते 155 दिवस घेतो. शिवाय दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तूर फुलावर यायचं नाव घेत नाही. त्यामुळे आठ पिढ्या म्हणजे आठ वर्षं, अगदी मेंडेलच्या वाटाण्याइतकीच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं 2024 मध्ये प्रकाश आणि तापमान ताब्यात ठेवून वर्षात दोन ते चार पिढ्या घेण्याची पद्धत जाहीर केली. ती रुळली तर हा हिशेब बदलेल.

वाण एकदा हाती आला की आकडे उलट्या दिशेनं धावायला लागतात. तुरीचे 100 दाणे साधारण 10 ग्रॅम, म्हणजे किलोत 10,000. हेक्टरी 18 क्विंटल पीक धरलं तर एका झाडाला 32 ग्रॅम, सव्वातीनशे दाणे. सोयीसाठी 300 धरू. पहिल्या वर्षी एका दाण्याचे 300. दुसऱ्या वर्षी 90,000. तिसऱ्या वर्षी 2 कोटी 70 लाख. चौथ्या वर्षी 810 कोटी दाणे, वजन 8,100 क्विंटल, आणि हेक्टरी 12 किलोनं पेरायचं तर 67,500 हेक्टरला पुरतील. पाचव्या वर्षी 2 कोटी हेक्टर. देशभरातलं तुरीचं क्षेत्र 40 ते 50 लाख हेक्टरच्या घरात आहे, म्हणजे त्याच्या चारपट क्षेत्राला पुरेल. अर्थात प्रत्येक दाणा उगवेल, पाऊस वेळेवर येईल आणि अळी सुट्टीवर जाईल असं धरून! तरी पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा तीनच पायऱ्यांत मूठभर बियाणं जिल्ह्याला का पुरतं ते यातून कळतं. अनुक्रमे पिवळी, पांढरी, निळी खूणचिठ्ठी म्हणजे याच पायऱ्या.

जालन्याच्या बियाणे धंद्याचा पायाही हाच. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. संकरित बियाणं दरवर्षी नवं का घ्यावं लागतं? सात जोड्यांत मिश्र असलेल्या झाडाचं बी पेरलं, तर सातही जोड्यांत आईसारखं मिश्र निघणारं झाड 128 मध्ये एक. वीस जोड्या असतील तर पुन्हा तोच आकडा, 10,48,576 मध्ये एक. कंपन्यांवर राग धरायची कारणं असतील, पण या बाबतीत दोष वाटाण्याचा आहे.

मेंडेलला जनुक दिसलं नव्हतं, त्याला ते नावही नव्हतं. आज अक्षरं मोजता येतात. तुरीच्या ‘आशा’ वाणाची जनुकीय संहिता 2012 मध्ये छापून आली : सुमारे 83 कोटी अक्षरं, 48,680 जनुकं. वाटाण्याची 2019 मध्ये आली : 445 कोटी अक्षरं, माणसाहूनही जास्त. पानावर 2,000 अक्षरं आणि पुस्तकाला 500 पानं धरली तर वाटाण्याचे 4,450 ग्रंथ भरतील. सुरकुतलेला दाणा कशामुळे, हे 1990 मध्ये कळलं : पिष्ट बनवणाऱ्या एका जनुकात 800 अक्षरांचा तुकडा मधेच घुसला आहे. आणि उंची? मेंडेलची उंच झाडं 6 ते 7 फुटांची, बुटकी पाऊण ते दीड फुटाची. 1997 मध्ये निघालं की फरक एका अक्षराचा आहे. 4,450 ग्रंथांत एक अक्षर. सातांपैकी राहिलेल्या शेवटच्या तीन लक्षणांची जनुकं तर 2025 मध्ये जगापुढं आली, वाटाण्याचे सुमारे 700 नमुने तपासून. मेंडेलनं अडीच गुंठ्यांत घातलेलं कोडं सुटायला 160 वर्षं लागली.

त्याच्या हयातीत कुणाला त्याचं पडलेलं नव्हतं. 8 फेब्रुवारी आणि 8 मार्च 1865 ला त्यानं ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात निबंध वाचला, 1866 मध्ये तो छापून आला, 40 सुट्या प्रती त्यानं काढून घेतल्या. म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी सात वर्षं पत्रव्यवहार केला, उपयोग शून्य. 1868 मध्ये तो मठाधिपती झाला आणि पुढची वर्षं सरकारशी कराच्या भांडणात गेली. 6 जानेवारी 1884 ला वारला. निबंध 34 वर्षांनी, 1900 मध्ये, तिघांनी वर काढला.

आता घरचं बियाणं धरणाऱ्यांसाठी याच गणितातली एक गोष्ट. दरवर्षी 20 टक्के परपराग धरला आणि शेजारी दुसरा वाण असला, तर पाच वर्षांनी 100 दाण्यांतल्या फक्त 33 दाण्यांच्या वंशात बाहेरचा पराग शिरलेला नसतो. बियाणं तेच, पोत्यावरचं नावही तेच, आत मात्र दोन तृतीयांश माल सरमिसळ. तेव्हा तुरीचं बी ठेवायचं असेल तर बांधाकडची तासं सोडा, शेताच्या मधल्या, निरोगी, एकसारख्या झाडांचंच ठेवा, वांझ झाड दिसताच उपटून टाका, आणि दोन-तीन वर्षांनी पिशवीवरची चिठ्ठी वाचून नवं बियाणं आणा.